पाखाडी कुणाची?

"खाजगी मालमत्ता. आत येऊ नये. कुत्र्यापासून सावध."

मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे गेले होते. रत्नागिरीपासून तासाभरावरचं गाव. सकाळी एस.टी. पकडायला नेहमीच्या पाखाडीने खाली उतरले, तर वाटेच्या मधोमध काळं लोखंडी गेट आणि त्यावर ही पाटी! लहानपणापासून ज्या पायऱ्यांवर पडून गुडघे फोडून घेतले, त्या गेटच्या पलीकडे दिसत होत्या. मी मुकाट्याने मागे फिरले आणि डांबरी रस्त्याने गेले. सात-आठ मिनिटांची वाट अर्ध्या तासाची झाली आणि एस.टी. अर्थातच चुकली.

गंमत म्हणजे, मला पाटीचा राग आला नाही. अशा पाट्या वाचतच मी मोठी झाले. 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' हे वाक्य कॉन्व्हेंटमध्ये असताना चौथीतच स्पेलिंगसकट पाठ होतं. पण 'वहिवाट' हा शब्द मात्र मी पहिल्यांदा ऐकला तो विसाव्या वर्षी, १ मेच्या ग्रामसभेत. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

आपल्या हॉस्टेलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातली बरीच मंडळी आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातलं गाव सपाट नसतं. वर कातळाचा सडा, खाली खाडी किंवा शेतं आणि मधल्या उतारावर वाड्या. एका घराच्या कौलांच्या उंचीवर दुसऱ्याचं अंगण! ही घरं एकमेकांना जोडते ती पाखाडी. जांभ्या चिऱ्यांची, पायऱ्या-पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे असलेली तीन-चार फुटांची वाट. वाडीतल्या लोकांनीच चिरे वाहून ती बांधलेली असते. डांबरी सडक फार उशिरा आली आणि गाडीला झेपेल असा चढ शोधत लांबून वळसे घेत आली. त्यामुळे पायी चालणाऱ्याला आजही पाखाडीच सोयीची. विहिरीवर, शेतात, देवळात, शाळेत, सगळीकडे.

आणि ही पाखाडी जाते कुठून? कुणाच्या तरी जागेतूनच! माझ्या आत्याचं अंगणसुद्धा तिला लागून आहे. कुणी कधी "आमच्या जागेतून का जाता?" विचारलं नाही. फार तर "कोण गं ती? एवढ्या उन्हाची कुठे चाललीस?" अशी चौकशी व्हायची.

आता ग्रामसभेबद्दल. मे महिना म्हणजे मुंबईकर चाकरमानीही गावात, त्यामुळे शाळेचा हॉल भरलेला. पाखाडीचा विषय निघाला आणि जे व्हायचं तेच झालं, सगळे एकदम बोलायला लागले. "वाडवडलांपासूनची वाट आहे, मग आमी जायचं कुठनं?" असं एक म्हातारी काकू कळवळून विचारत होत्या. त्यांना गुडघेदुखी आहे. रेशन आणायला लांबचा वळसा घेणं त्यांना जमत नाही, म्हणून महिनाभर त्या दुसऱ्याच्या पोराला पिशवी देऊन पाठवत होत्या.

मग बंगल्याचे मालक उठले. शहरातून आलेले, निवृत्त. मला वाटलं, आता दमदाटी होणार. पण ते शांतपणे म्हणाले, "जागा मी रीतसर विकत घेतली आहे. सातबारा दाखवतो, त्यावर कुठेही वाट नाही. रात्री पोरं पाखाडीवर बसून पितात, बाटल्या माझ्या आवारात टाकतात. सीझनला आंबे जातात. न्हाणीघराची खिडकी वाटेवर उघडते, घरातल्या बायकांनी करायचं काय?"

खरं सांगते, हॉल क्षणभर गप्प झाला. कारण यातलं काहीच खोटं नव्हतं. पूर्वी पाखाडीवरून जाणारा माणूस ओळखीचा असायचा. आता तो कुणीही असू शकतो आणि त्याच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाईल असतो. घराच्या खाजगीपणाची मागणी म्हणजे श्रीमंतांची लहर नव्हे. तुमच्या रूमच्या खिडकीखालून दिवसभर अनोळखी माणसं गेली तर तुम्हाला चालेल?

सभेत ठरलं एवढंच की, पाहणी करून पुढच्या वेळी बघू. चहा झाला, माणसं पांगली.

परत आल्यावर मी कायदा वाचायला घेतला. (सबमिशनची तारीख जवळ आली की अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन फार होतं, हा आपल्या सर्वांचा अनुभव!) आणि चाटच पडले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या सव्वाशे वर्षांकडे झुकलेल्या कायद्याच्या कलम ५ नुसार, शेताकडे जाणारा रस्ता किंवा वहिवाट कुणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. आमची पाखाडी पुढे शेतांकडेच उतरते. म्हणजे मार्ग होता! पण तक्रार करायची मुदत? अडथळा झाल्यापासून सहा महिने. गेट लागलं होतं दसऱ्याला आणि ग्रामसभा झाली १ मेला. बोटांवर मोजा. "पुढच्या वेळी बघू" म्हणता म्हणता सोपा दरवाजा बंद झाला होता. उरलं दिवाणी कोर्ट, आणि तिथली तारीख-पे-तारीख त्या काकूंच्या गुडघ्यांना परवडणारी नाही.

दुसरा कायदा १८८२ चा, सुखाधिकाराचा. एखाद्या जमिनीच्या मालकाने दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं ये-जा केली तर त्याला वाटेचा हक्क मिळतो. आणि त्याच कायद्यात पुढे आहे की, मिळालेला असा हक्क सलग वीस वर्षं वापरलाच नाही तर तो संपतो. चालून मिळतो आणि न चालल्याने जातो! कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतकं खरं वाक्य असेल असं वाटलं नव्हतं.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने तिला दिलेला आहे. पण रस्ता सार्वजनिक आहे हे कशावरून? त्यासाठी असतं २३ नंबरचं रजिस्टर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांची नोंदवही. आमची पाखाडी त्यात नव्हती. कारण ती असणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जे सर्वांना माहीत असतं ते कुणीच लिहून ठेवत नाही, आणि मग ज्याच्याकडे कागद आहे तो जिंकतो.

इथवर लिहून मी भारी सात्त्विक संतापात होते. मग पप्पांना फोन केला. ते ऐकून घेत म्हणाले, "आपल्या घरामागची वाट आठवते का?"

आठवत नव्हती. कारण मी पहिली-दुसरीत असताना आम्ही कंपाऊंड घातलं आणि मागची पायवाट आत गेली. पूर्वी तिथून मागच्या वाडीतल्या बायका विहिरीवर जायच्या. नळ आल्यावर कुणी यायचं बंद झालं, कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्या जागी आता आईच्या कुंड्या आहेत. म्हणजे मी ज्यांच्याविरुद्ध लेख लिहायला बसले होते, त्यांच्यात आम्हीही होतो. फक्त आमच्या गेटवर पाटी नव्हती.

'जुनं ते सगळं चांगलं' असंही मला म्हणायचं नाही. वाटा आणि पाणवठे पूर्वी सर्वांना मोकळे होते, हे साफ खोटं आहे. शेजारच्या रायगड जिल्ह्यातलं महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पुढे विरोधक कोर्टात गेले ते काय म्हणत? की हे तळं खाजगी आहे, फक्त स्पृश्यांच्या मालकीचं आहे! मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने अंतिम निकाल दिला तो १९३७ मध्ये. पूर्ण दहा वर्षं. तेव्हा 'खाजगी' या शब्दाच्या आड काय काय लपवता येतं, हे आपल्या प्रदेशाने पाहिलेलं आहे. पाखाडी उघडी ठेवायची तर ती पूर्वीसारखी 'आपल्या माणसांसाठी' नको, सर्वांसाठी हवी.

हा प्रश्न फक्त कोकणातला आहे असंही समजू नका. सन मायक्रोसिस्टीम्सचे एक संस्थापक विनोद खोसला हे नाव आपल्या कॉम्प्युटर ब्रँचला नवीन नाही. आय.आय.टी. दिल्लीचे इंजिनिअर. त्यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समुद्राकाठी जमीन घेतली. तिच्यातून मार्टिन्स बीचवर लोक वर्षानुवर्षं जात होते. पुढे गेट बंद झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायला नकार दिला. म्हणजे माणूस केवढाही मोठा असो, गेट आणि भांडण तेच!

काही देशांनी मात्र आधीच विचार केला. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. स्कॉटलंडने २००३ मध्ये लोकांना जमिनीवरून चालण्याचा व्यापक हक्क दिला, पण दोन अटींवर: चालणाऱ्याने जबाबदारीने वागायचं आणि घराभोवतीची, खाजगीपणाला पुरेशी जागा सोडायची. आमच्या ग्रामसभेत दोन्ही बाजू जे ओरडून सांगत होत्या, ते तिथे एका कायद्यात शेजारी शेजारी बसलं आहे.

आपल्याकडेही हालचाल आहे. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त व्हावी असा निर्णय घेतला. नोंदीचा भाग उत्तमच. पण मोजमाप ट्रॅक्टरचं आहे. आमची पाखाडी चार फुटांची, ती माणसाच्या पायांसाठी आहे. तिला तीन मीटर करायला गेलात तर दोन्हीकडचे गडगे, माड आणि कुणाची तरी पडवी जाईल आणि आज जो गप्प आहे तोही उद्या गेट लावेल. पायवाटेची नोंद पायवाट म्हणूनच व्हायला हवी.

घाई आहे, कारण माणसं वाढणार आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू अशा ठिकाणची कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यातली कितीतरी खाजगी जमिनीत आहेत. ती बघायला लोक येणार ते कुणाच्या तरी बागेतून आणि घरावरूनच. भांडण पेटल्यावर नकाशा शोधण्यापेक्षा आधी केलेला बरा.

मग करायचं काय? ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाखाडीची यादी वाचावी, आक्षेप ऐकावेत आणि रजिस्टरला नोंद करावी. बंगल्याच्या मालकांसाठी त्या पट्ट्यात गडगा उंच करून द्यावा, कुंपणाला झाडं लावावीत, रात्री वाटेवर बसायला बंदी घालावी, दिवा लावावा. एक न्हाणीघराची खिडकी आणि चार बाटल्या यांचा बंदोबस्त म्हणजे काही अणुविज्ञान नव्हे.

आणि आपण? सेकंड इयरला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण दरवर्षी तेच कॉलेजचं ग्राउंड मोजतो. त्याऐवजी सिव्हिलच्या सरांनी एक वाडी घ्यावी, तिच्या पाखाड्या मोजाव्यात आणि नकाशा ग्रामपंचायतीला द्यावा. मार्क्स तेवढेच मिळतील, पण तो नकाशा जर्नलच्या गठ्ठ्यात पडून राहणार नाही. दुसरं, शनिवारी संध्याकाळी समुद्रावर जाताना आपण ज्या घरांवरून जातो, तिथे ओरडू नये, वेफर्सची पाकिटं टाकू नयेत. हे लेक्चर वाटेल, पण एखादं गेट आपल्यामुळेही लागू शकतं.

परवा आत्याचा फोन आला. गेट अजून आहे. मात्र बंगल्याच्या मालकांनी त्या काकूंना एकटीला सांगितलं आहे, "तुम्ही हाक मारा, मी उघडून देतो." माणूस वाईट नाहीच मुळी. काकू मात्र अजूनही लांबच्या रस्त्याने जातात, पिशवी पोराच्या हातात देऊन. आत्याने कारण विचारलं तर म्हणाल्या, "हाक मारून जायचं, तर मग ती वाट कसली?"

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की आधी आईच्या कुंड्या हलवणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.