पक्षाच्या उंबरठ्यावर न्यायासन

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ५ मार्च २०२४ रोजी रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक पार पडली. अध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे साऱ्यांचे डोळे लागलेले असल्याने त्या दिवशीचा एक निकाल राज्याबाहेर फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. टेक्सासात दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांसाठी दोन वेगळी सर्वोच्च न्यायपीठे आहेत. त्यांपैकी फौजदारी न्यायपीठाच्या प्रमुख शॅरन केलर आणि त्यांच्या सहकारी न्यायमूर्ती बार्बरा हर्व्ही व मिशेल स्लॉटर या तिघींना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्या दिवशी घरी बसवले. या तिघी कोणी उदारमतवादी बंडखोर नव्हत्या. केलर यांच्यावर आयुष्यभर टीका झाली ती आरोपींशी त्या फार कठोरपणे वागतात म्हणून. असे असता पक्षाची खप्पा मर्जी होण्याचे कारण डिसेंबर २०२१ मधील एका निकालात सापडते. निवडणुकीतील गैरप्रकारांचे खटले राज्याच्या ॲटर्नी जनरलला स्थानिक सरकारी वकिलाच्या विनंतीवाचून, केवळ स्वतःच्या इच्छेने चालवता येणार नाहीत. राज्यघटनेने सत्तेची जी वाटणी केली आहे ती त्याच्या आड येते, असा निर्णय या न्यायपीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला होता. न्यायपीठावरचे नऊही न्यायाधीश रिपब्लिकन होते. त्या वेळी ॲटर्नी जनरल असलेले केन पॅक्स्टन यांना हा निर्णय झोंबला. त्या आठांपैकी ज्या तिघींची मुदत २०२४ मध्ये संपत होती, त्यांना पाडण्याचे जाहीर आवाहन त्यांनी केले आणि ते फळाला आले.

ज्याच्या अधिकाराला न्यायालयाने लगाम घातला, त्यानेच लगाम घालणाऱ्यांना पक्षाच्या दारात अडवावे, यातला अनर्थ समजण्यास कायद्याच्या पदवीची गरज नाही. यात बेकायदेशीर मात्र काहीही घडले नाही. अर्ज वेळेवर आले, मते नीट मोजली गेली, हरलेल्यांनी निकाल मान्य केला. जे झाले ते नियमाप्रमाणेच झाले. म्हणून तर नियमांकडे पाहावयाचे.

टेक्सासात १९९४ नंतर राज्यव्यापी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही उमेदवार विजयी झालेला नाही. याचा अर्थ असा की, नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक हा अशा पदांपुरता केवळ उपचार उरतो. खरा निकाल मार्चमध्येच लागतो. २०२४ च्या मार्चमध्ये राज्यात सुमारे १ कोटी ७९ लाख नोंदलेले मतदार होते आणि रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत मत दिले ते सुमारे २३ लाखांनी. आठांतील एकाहून फारसे अधिक नाही. जो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीला आवर्जून येतो, तो मतदार सर्वसामान्य मतदारापेक्षा अधिक कट्टर असतो, हे निवडणुकीचे राजकारण करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमदार निवडताना ही कट्टरता चालूनही जाईल. आमदाराने पक्षाची बाजू घ्यावी अशी अपेक्षाच असते. न्यायाधीशाकडून नेमकी उलट अपेक्षा असते.

न्यायाधीश लोकांनी निवडावेत ही कल्पना मुळात वाईट हेतूने जन्मलेली नव्हे. १८३२ मध्ये मिसिसिपी राज्याने आपले सगळे न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याचे ठरवले आणि १८४६ च्या राज्यघटनेने न्यूयॉर्क त्याच वाटेने गेले, तेव्हा त्यामागे अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातील लोकशाहीचा जोम होता. राज्यपाल आणि विधिमंडळे आपल्या बगलबच्च्यांना न्यायासनावर बसवतात, ती सत्ता काढून सामान्य माणसाच्या हाती द्यावी, असा तो विचार. पण सामान्य माणसाच्या हाती मतपत्रिका येण्यापूर्वी त्या मतपत्रिकेवर नाव कोणाचे असावे, हे ठरवणारा कोणी तरी लागतो. ती जागा पक्षांनी पटकावली. १९०६ मध्ये रॉस्को पाउंड या तरुण विधिज्ञाने अमेरिकी वकिलांच्या परिषदेत, न्यायालये राजकारणात ओढल्यामुळे त्यांच्याविषयीचा परंपरागत आदर जवळजवळ नष्ट झाला आहे, असे सुनावले तेव्हा ज्येष्ठ मंडळी संतापली होती. ते भाषण पुढे फार गाजले. दुखणे मात्र राहिले.

या दुखण्याचे मूळ स्थानिक पातळीवर आहे. टेक्सासात एखाद्या काउंटीपुरत्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यापुरत्या, न्यायाधीशपदासाठी पक्षाची उमेदवारी हवी असणाऱ्याने अर्ज नेऊन द्यावयाचा तो पक्षाच्या काउंटी अध्यक्षाकडे. शुल्कही तेथेच भरावयाचे. मतपत्रिकेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, याच्या चिठ्ठ्या उचलायच्या त्याही पक्षाच्या समितीने. नियम राज्याच्या निवडणूक कायद्यात लिहिलेले असतात हे खरे, पण त्यांचा अंमल पक्षाचे पदाधिकारी करतात. उद्या त्याच पदाधिकाऱ्याचा जमिनीचा तंटा त्याच न्यायाधीशापुढे उभा राहू शकतो.

पक्षाची प्राथमिक निवडणूक ही पक्षाची खासगी बाब आहे काय, या प्रश्नाचा निकाल याच टेक्सासात, एका लाजिरवाण्या प्रकरणातून लागला. १९२३ च्या कायद्याने तेथे कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत मत देण्यास मनाई केली होती. त्या काळी तो पक्ष टेक्सासात अजिंक्य होता, त्यामुळे प्राथमिक निवडणुकीतून वगळलेला माणूस लोकशाहीतूनच वगळला जाई. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तेव्हा राज्याने आपले हात झटकून तेच काम पक्षाच्या ठरावावर सोपवले आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, पक्ष ही खासगी संघटना आहे, ती आपले सभासद ठरवील, असे म्हणून मान डोलावली. ह्यूस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी पुन्हा दाद मागितली, थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि १९४४ मध्ये न्यायालयाने आपलाच आधीचा निर्णय फिरवला. ज्या निवडणुकीतून सरकारी पद मिळते ती निवडणूक सरकारी कारभाराचाच भाग आहे, पक्षाच्या दिवाणखान्यातील बैठक नव्हे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. खेदाची गोष्ट ही की, ते तत्त्व मत कोणाला देता येईल या प्रश्नापाशी थांबले. उमेदवारीच्या वाटेवर पक्षांनी जी कुंपणे घातली, त्यांना हात लावण्यास न्यायालये आजही नाखूश असतात.

न्यूयॉर्कची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. तेथे ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव राज्याच्या प्रमुख सत्र न्यायालयाला आहे आणि त्यावरची मुदत १४ वर्षांची. १९११ मध्ये या पदांसाठी थेट प्राथमिक निवडणूक सुरू झाली. ती धूर्त व्यावसायिक राजकारण्यांच्या हातचे बाहुले बनते, अशी ओरड झाल्यावर १९२१ मध्ये ती मोडीत काढून पक्षाच्या प्रतिनिधींचे अधिवेशन उमेदवार ठरवील अशी व्यवस्था आली. रोग राजकारण्यांचा, आणि उपचारासाठी रोगी दिला राजकारण्यांच्याच स्वाधीन! मार्गारिटा लोपेझ टोरेस या ब्रुकलिनमध्ये १९९२ साली दिवाणी न्यायालयावर निवडून आल्या. पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी सांगितलेल्या माणसांना आपल्या कार्यालयात नोकऱ्या देण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांच्या बढतीची वाट बंद झाली. अधिवेशनात त्यांचे नाव पुढे येईना. स्वतःचे प्रतिनिधी निवडून आणावयाचे तर ३७ दिवसांच्या आत प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून ५०० सह्या गोळा करणे भाग होते, आणि असे मतदारसंघ एकेका न्यायिक जिल्ह्यात कितीतरी. त्यांनी दावा लावला. खालच्या दोन न्यायालयांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, पण जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने उलटवला. अंतोनिन स्कालिया यांच्या निकालपत्राचा आशय असा की, पक्षाच्या अधिवेशनात जिंकण्याची समान संधी मिळावी असा हक्क घटनेने कोणाला दिलेला नाही. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी मात्र वेगळे टिपण जोडून, कायदा घटनात्मक असला म्हणजे तो शहाणपणाचा ठरत नाही, हे निक्षून सांगितले. याच ब्रुकलिनमध्ये, पक्षाचा पाठिंबा हवा असेल तर आम्ही सांगू त्यांना प्रचाराच्या कामाचे पैसे द्या, असे न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला दरडावल्याबद्दल डेमोक्रॅटिक पक्षाचा स्थानिक प्रमुख २००७ मध्ये दोषी ठरला होता. आणि लोपेझ टोरेस? त्या २००५ मध्येच वारसा-मृत्युपत्रांच्या न्यायालयावर निवडून गेल्या होत्या. त्या पदासाठी थेट प्राथमिक निवडणूक होती.

म्हणून प्राथमिक निवडणूक बंद करा आणि सगळे नीट होईल, असे म्हणणाऱ्यांना न्यूयॉर्क हे उत्तर आहे. दार उघडे ठेवले तर टेक्सासातील पॅक्स्टन आत शिरतात. बंद केले तर आतले पुढारी कडी घालून बसतात. उत्तर कॅरोलिनाने २०१८ मध्ये तिसराच प्रयोग करून पाहिला. तेथील रिपब्लिकन विधिमंडळाने न्यायाधीशपदांच्या लढतींना पक्षाचे नाव पुन्हा चिकटवले आणि त्या वर्षापुरत्या त्यांच्या प्राथमिक निवडणुका चक्क रद्द केल्या. डेमोक्रॅट उमेदवारांची गर्दी होऊन त्यांची मते फुटतील, असा त्यामागे होरा असल्याची टीका झाली. घडले उलटेच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एकमेव जागेसाठी डेमोक्रॅटिक बाजूने अनिता अर्ल्स एकट्याच उभ्या राहिल्या आणि रिपब्लिकन नावाखाली दोघे. त्यांतील एकाने नुकताच पक्ष बदललेला होता, तेव्हा त्याच्या नावापुढचे पक्षाचे नाव पुसण्यासाठी विधिमंडळाने घाईघाईने आणखी एक कायदा केला आणि न्यायालयाने तो अडवला. अर्ल्स अर्ध्याहून थोडी कमी मते घेऊन निवडून आल्या. दोघा रिपब्लिकनांच्या मतांची बेरीज त्यांच्यापेक्षा किंचित अधिक होती. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याची म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही. पण हसण्यासारखे त्यात थोडेच आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर कोण बसणार, हे मतदारांच्या पसंतीइतकेच त्या वर्षीच्या नियमाने ठरवले आणि तो नियम ज्यांचे हितसंबंध गुंतलेले त्यांनीच केला होता.

फिलाडेल्फियातील प्रकार तर ऐकूनच घ्यावा. तेथे न्यायाधीशपदाच्या प्राथमिक निवडणुकीत मतपत्रिकेवरील नावांचा क्रम कॉफीच्या एका जुन्या डब्यातून सोडती काढून ठरवण्याची प्रथा आहे. डझनावारी अपरिचित नावांच्या यादीत वरचे नाव असणे केवढे लाभाचे, हे उमेदवारांना ठाऊक असल्याने तो डबा म्हणजे जणू दैवच. उत्तम वकील तळाशी जातो, सुमार वकील माथ्यावर. यात निदान पक्षपात नाही, एवढेच समाधान.

निवडणुकीच्या समर्थकांचे म्हणणे धुडकावून लावण्याजोगे नाही. २०१८ मध्ये टेक्सासातील हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टन परिसरात, १७ कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच निवडणुकीत न्यायाधीश झाल्या. ज्या काउंटीत लॉनी स्मिथ यांना मतपत्रिका नाकारली गेली, तीच ही. नेमणुकीच्या पद्धतीने हे इतक्या लवकर घडले असते असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मात्र त्याच लाटेत दुसऱ्या पक्षाचे चांगले-वाईट सगळे न्यायाधीश सरसकट वाहून गेले, कारण एका खुणेत साऱ्या पक्षाला मत देण्याची सोय तेव्हा होती. टेक्सासने ती २०२० च्या निवडणुकीपासून काढून टाकली, हे बरे केले.

भारतीय वाचकाला हे सारे वाचून आपल्याकडचे बरे, असे वाटण्याचा मोह होईल. रामशास्त्री प्रभुण्यांना नारायणरावांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या माथी ठेवण्यापूर्वी दादांच्या पक्षाची उमेदवारी टिकवण्याची चिंता करावी लागली नाही, हे खरेच. पण १९७३ मध्ये शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले ते मतपत्रिकेवाचूनच. १९९३ नंतरची न्यायवृंदाची पद्धत आणि २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरलेला नियुक्ती आयोग यांवरील वाद अजून शमलेला नाही. बंद दाराआडची निवड आपल्यालाही परिचित आहे. आपल्याकडे दारामागे बसणारे वेगळे, इतकेच.

टेक्सासपुरते बोलावयाचे तर न्यायाधीशांच्या उमेदवारीचे अर्ज, सह्यांची तपासणी आणि सोडती पक्षाच्या हातून काढून सरकारी निवडणूक अधिकाऱ्याकडे द्याव्यात, याला कोणत्याही पक्षाने हरकत घेण्याचे कारण नाही. उमेदवारीच्या अटी निवडणुकीच्या तोंडावर बदलता येऊ नयेत, हेही कायद्यानेच बांधून टाकावे. पण सर्वांत निकडीची सुधारणा तिसरीच आहे. एकदा न्यायासनावर बसलेल्या माणसाला पक्षाच्या दारात पुन्हा उभे करू नये. पेन्सिल्व्हेनिया आणि इलिनॉय या राज्यांत न्यायाधीश पहिल्यांदा येतो तो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतूनच. मुदत संपल्यावर मात्र त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो आणि पक्षाचे नावही नसते. हा न्यायाधीश राहावा की जावा, एवढाच प्रश्न सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या मतदारांना विचारला जातो. टेक्सासात हा नियम असता तर केलर, हर्व्ही आणि स्लॉटर यांचा प्रश्न मार्चमधील २३ लाख पक्षनिष्ठांपुढे गेलाच नसता. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाला आलेल्या एक कोटीहून अधिक मतदारांपुढे गेला असता.