मोडलेल्या स्टडचा हिशेब

जुन्या गाडीच्या इंजिनाचे काम काढले की मालक आधी लायनर, पिस्टन आणि बेअरिंगचे भाव विचारतो. पंप-नोझलचे किती लागतील, हेही विचारून घेतो. मिस्त्रीचा दिवस मात्र वेगळ्याच ठिकाणी जातो. तो जातो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गंजलेल्या स्टडपाशी. आणि त्यातला एखादा मोडला, तर दुसरा दिवसही तिथेच संपतो. मानकापूरहून कोराडीमार्गे सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाचे आणि राखेचे ट्रक वर्षानुवर्षे धावत आहेत. अशा गाड्यांवर पोट असलेल्या गॅरेजांत मोडका स्टड ही नवलाची गोष्ट नाही. नवल याचे की, तो काढण्याची मजुरी बिलात कुठेच दिसत नाही.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली पोलादी कांडी. एक टोक हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये घट्ट बसते, दुसऱ्यावर नट चढतो. मॅनिफोल्डचे स्टड रोज सडकून तापतात आणि रोज निवतात. आट्यांच्या फटीत गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून दाबत राहतो. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर दोन वेगळ्या धातूंच्या सान्निध्यात ओल शिरून अॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी आटे जाम करते.

तरीही बरेच स्टड गंजाने नव्हे, घाईने मोडतात. नट हलत नाही, म्हणून पान्याला पाइप लावला जातो. आठ मिलिमीटरच्या साध्या स्टडला घट्ट बसायला साधारण अडीच किलोग्रॅम-मीटरचा पीळ पुरतो. दोन फुटी पाइपच्या टोकाला दहा किलोचा जोर दिला तरी तो सहापर्यंत जातो. मग ‘कट्’ असा आवाज येतो आणि हात एकदम मोकळा होतो. त्या क्षणी गॅरेजात कोणी बोलत नाही. खरे तर चार-दोन रुपयांचा नट छन्नीने उभा चिरला असता, तर स्टड वाचला असता. नट वाचवायच्या नादात स्टड घालवणे हा आपल्याकडचा जुना आणि महागडा काटकसरीपणा आहे.

मोडल्यावर मिस्त्रीची खरी कसोटी सुरू होते. बुंधा थोडा वर उरला असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा उलटा फिरवता येतो. पृष्ठभागाच्या बरोबरीने मोडला असेल, तर त्यावर आधी वायसर आणि मग नट ठेवून मधल्या भोकातून वेल्डिंग भरतात. हा उपाय नट चिकटतो म्हणून चालतो, पण खरे काम उष्णता करते. तापलेला स्टड फुगायला बघतो, भोवतालचे बीड त्याला जागा देत नाही, गंजाचा थर चिरडला जातो आणि निवताना स्टड आकसतो. म्हणूनच वेल्डिंग केल्या-केल्या पाना लावू नये. लाली जाऊ द्यावी. नंतर पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असे डिझेल सोडत सोडत आणावे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये उलट, भोवतालचा धातू तापवावा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोक मोठे होऊन पकड सुटते.

हे काहीच जमले नाही तर ड्रिल. इथे सेंटर पंचाचा एक ठोका सगळे ठरवतो. तो जरा बाजूला पडला की ड्रिल कठीण पोलाद सोडून शेजारच्या मऊ बिडात किंवा अॅल्युमिनियममध्ये उतरते आणि मूळ आटेच जातात. ‘ईझी-आउट’ नावाच्या उलट्या पेचाच्या हत्याराबद्दल तर सावधच राहावे. नावात सोपेपणा आहे, पण ते कठीण आणि ठिसूळ पोलादाचे असते. भोकात तेच मोडले, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. हेड घेऊन ठिणगीने धातू झिजवणाऱ्या यंत्रवाल्याकडे जावे लागते. आटे गेलेच, तर भोक वाढवून हेलिकॉइलची तार बसवता येते. ते काम नीट झाले तर कमी दर्जाचे मुळीच नाही.

हाच प्रश्न कोराडीच्या वीज केंद्रातही आहे, फक्त मोठ्या मापाचा. १९७४ पासून इथे वीजनिर्मिती होते आहे. १२० मेगावॅटचे पहिले संच गेले, आता ६६० मेगावॅटचे चालतात. अशा टर्बाइनच्या उच्च दाबाच्या आवरणाचे जाड स्टड निव्वळ हाताच्या जोराने सुटत नाहीत. स्टडच्या पोटातल्या आरपार भोकात तापक घालून स्टड लांबवतात, मग नट सैल होतो. तिथे या कामाला शटडाउनच्या वेळापत्रकात जागा असते, माणसे नेमलेली असतात. गॅरेजातला मिस्त्री तत्त्वतः त्याच उष्णतेशी खेळतो, आणि वर त्याला ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्या’ हे ऐकावे लागते.

जुनी गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हा प्रश्नही याच हिशेबात येतो. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरणाशिवाय संपते. अतिशय जुनी, धूर ओकणारी गाडी भंगारात जावी, यावर वाद नाही. पण ज्या गाडीचा सांगाडा धड आहे, तिचे इंजिन केवळ हेडमधल्या एका मोडक्या स्टडपायी सोडून देणे किंवा नवे हेड घालणे, हा शहाणपणा नव्हे. तरीही असे होते, कारण सुट्या भागाचे पैसे मालक निमूट देतो आणि तासांचे देताना कुरकुर करतो. मग मिस्त्रीही पाइप लावतो. त्याला दोष देण्याआधी हा हिशेब पाहावा.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात बंद भोकातून स्टड काढण्याचा सराव आहे. मात्र व्हाइसमध्ये धरलेल्या तुकड्यातून काढणे वेगळे आणि वीस वर्षे तापलेल्या हेडमधून, वाकून, आरशात बघत काढणे वेगळे. भंगारातली जुनी हेडे संस्थांना मिळाली तर हा सराव खरा होईल; त्यासाठी मोठा निधी लागत नाही. गॅरेजवाल्यांनीही इंजिन खोलण्याआधीच्या अंदाजपत्रकात ‘मोडलेले स्टड, तासाप्रमाणे’ अशी ओळ टाकून मालकाची सही घ्यावी. आणि जोडणी करताना मॅनिफोल्डवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट घालावेत, आट्यांना उष्णता सोसणारे जाम-रोधक वंगण लावावे. त्याचा खर्च मॅनिफोल्डच्या पॅकिंगइतकाही येत नाही.