एकोणचाळीस गुंठ्यांचे लेआउट आणि पाचशे चौरस फुटांची जागा

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ‘माझे घर, माझा अधिकार’ या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावाला लागून शेत अकृषक करून लेआउट पाडणाऱ्या लहान विकासकावर दुर्बल घटकांसाठी एकही भूखंड राखण्याचे बंधन येत नाही, आणि त्याच पट्ट्यात घरकुल मंजूर झालेल्या भूमिहीन कुटुंबाला ते बांधण्यापुरती जागा विकत मिळत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मुंबईतील कोणत्याही विभागाला अद्याप सुचलेले दिसत नाही.

सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद, म्हणजे खासगी प्रकल्पातील २० टक्के हिस्सा अल्प व अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचे बंधन, नगरविकास विभागाने नोव्हेंबर २०१३ मध्ये आणले आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ते कायम राहिले. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात ३० ते ५० चौरस मीटरचे लहान भूखंड आणि इमारतींच्या प्रकल्पात लहान सदनिका म्हाडामार्फत पात्र अर्जदारांना द्याव्यात, असा तिचा आशय आहे. मात्र ती लागू होते ती अलीकडच्या जनगणनेनुसार १० लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांना. बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिकाच नाही, आणि संपूर्ण अमरावती विभागात सर्वांत मोठ्या अमरावती शहराची लोकसंख्या २०११ च्या गणनेत साडेसहा लाखांच्या आसपास होती. त्यामुळे पाच जिल्ह्यांच्या या विभागाला ही तरतूद स्पर्शही करीत नाही. ‘अलीकडची’ जनगणना अद्याप २०११ चीच आहे, ही त्यातील आणखी एक गंमत.

खरा विचित्रपणा पुढे आहे. घरकुलास पात्र परंतु भूमिहीन असलेल्या ग्रामीण कुटुंबाला जागा घेता यावी म्हणून ग्रामविकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी ५० हजार आणि २०२४ पासून एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण ४६.५ चौरस मीटर, अर्थात नगरविकास विभागाने महानगरांसाठी ठरवलेल्या ३० ते ५० चौरस मीटरच्या चौकटीत नेमका बसणारा भूखंड. एका विभागाकडे भूखंडाचे माप आहे, दुसऱ्याकडे त्याचे पैसे आहेत, आणि तिसऱ्या, म्हणजे महसूल विभागाकडे, १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, ज्याच्या हिशेबाने अर्ध्या गुंठ्याहूनही लहान असलेला हा तुकडा शेतजमिनीतून विकताच येत नाही. घरकुल लाभार्थ्यांसाठी या नियमांत २०२४ मध्ये सवलत देण्यात आली, पण तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अधीन. म्हणजे मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या घालणे आलेच. मंजूर लेआउटमधील भूखंडाला हा सगळा खटाटोप लागत नाही, परंतु मंजूर लेआउटमध्ये पाचशे फुटांचा भूखंड कोणी आखत नाही.

लहान विकासकांची नेहमीची तक्रार अशी की, एका एकरात रस्ते आणि मोकळी जागा सोडल्यावर हाती उरतेच किती. तक्रार खोटी नाही. उदाहरणादाखल चाळीस गुंठ्यांच्या लेआउटमध्ये विक्रीयोग्य क्षेत्र २४०० चौरस मीटर उरले असे धरले, तर २० टक्के म्हणजे ४८० चौरस मीटर, अर्थात घरकुलाच्या मापाचे दहा भूखंड. एवढा भार एकट्या एकरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. परंतु ५ टक्के म्हणजे १२० चौरस मीटर, अर्थात दोन भूखंड, आणि एक लाखाला पाचशे फूट या हिशेबाने त्यांची किंमत चौरस फुटाला दोनशे रुपये पडते. ही किंमत बाजारभावापेक्षा कमी पडेल तेथे फरक शासनाने अकृषक आकारणीत किंवा विकास शुल्कात सोडून द्यावा. महानगरातील विकासकाला वाढीव चटईक्षेत्र मिळते, तर तालुक्यातील विकासकाने मोकळ्या हाताने का जावे? लाभार्थी मात्र ग्रामसभेने मंजूर केलेल्या यादीतूनच आला पाहिजे, विकासकाच्या भाच्यांतून नव्हे.

इंग्लंडमध्ये दहापेक्षा कमी घरांच्या प्रकल्पांना अशा बंधनातून सामान्यतः वगळले जाते. लहानांना सवलत असावी हे तत्त्व म्हणून मान्य होण्यासारखे आहे, पण मर्यादा आखली की तिच्या आत बसण्याची कलाही जन्मते. नाशिक महापालिकेतील २० टक्के सदनिकांच्या हस्तांतरणाचा प्रश्न २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा मोठ्या जमिनींचे ४००० चौरस मीटरच्या आतले तुकडे केल्याचे आरोप झाले आणि आयुक्तांच्या बदलीपर्यंत प्रकरण गेले. ४००० चौरस मीटर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे, आणि १० टक्के मोकळ्या जागेची अटही त्याच मापापासून सुरू होते. म्हणूनच सलग दोन एकर पडलेले असताना एकोणचाळीस गुंठ्यांचे नकाशे सादर करणारे व्यावसायिक आणि ते निमूटपणे आखून देणारे वास्तुविशारद या क्षेत्रात आढळतात. अशांनी लहान विकासकांच्या नावाने सवलती मागू नयेत; त्यांच्यामुळेच प्रामाणिक मागणीकडेही अधिकारी संशयाने पाहतात.

तेव्हा नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. दीनदयाळ योजना आज अस्तित्वात आहे, मंजूर लेआउटमधील लहान भूखंड आजही विकता येतो, आणि भूमिहीन घरकुल लाभार्थ्यांची माहिती पंचायत समितीत मागता येते. चिखली, मेहकर, खामगाव परिसरातील व्यावसायिकांनी पुढच्या रेखांकनात दर एकरी पाचशे फुटांचे दोन भूखंड आखावेत, त्यांचे क्रमांक गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवावेत, पत्राची पोच घ्यावी, आणि त्या पत्राची एक प्रत या मासिकाकडे पाठवावी. उत्तर किती दिवसांत येते, आणि येते की नाही, हे येथे छापले जाईल.