इंजिन तापले की आधी पाचट पाहा



हंगामात भरल्या ट्रेलरसकट ट्रॅक्टर वाफा सोडत रस्त्यात उभा राहिला, की आपण आधी ड्रायव्हरवर डाफरतो आणि मग हेड खोलायला मेस्त्री बोलावतो. इकडे तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते ते आपलेच.

खरे दुखणे बहुधा पुढेच असते. फडातले पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते, वारा आरपार जात नाही. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारावी. मग पंख्याचा पट्टा ढिला आहे का, पाणी कुठे ठिबकते का ते बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. दाबाखालचे पाणी 100 अंशांच्याही वर असते, तोंडावरच उसळते.

इंजिन तापूनही वरचा होज गार, तर थर्मोस्टॅट अडकला समजा. भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा. उकळी फुटली तरी उघडला नाही तर बदला. तो काढून फेकायची आपल्याकडे रीतच पडली आहे! त्याने इंजिन गारठ्यात चालते, डिझेल जादा जाते, लायनर झिजतात. ऑईल दुधाळ झाले किंवा रेडिएटरात सारखे बुडबुडे आले, तर मात्र हेड खोला.

बोअरचे क्षाराचे पाणी भरणे ही चूक आपलीच. आत थर धरतो, मग कितीही हवा मारा.

वजनकाट्याजवळ हवेची एक नळी ठेवावी, एवढी संचालक मंडळाला सूचना आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद