कमी बिट म्हणजे कमी दर्जा नव्हे



गेल्या अंकातील लेखात एआय मॉडेलांच्या कमी बिटांच्या आकडेमोडीला ‘कंपन्यांची काटछाट’ म्हटले आहे. हा आरोप ऐकायला झणझणीत असला, तरी गणितात बसत नाही.

बीफ्लोट१६ या १६ बिटांच्या फॉरमॅटमध्ये घातांकाला ८ बिट आहेत, म्हणजे ३२ बिटांच्या फ्लोटइतकेच. कात्री लागते ती अपूर्णांकाला. तिथे ७ बिट उरतात. उलट एफपी१६ या दुसऱ्या १६ बिटांच्या फॉरमॅटमध्ये अपूर्णांकाला १० बिट, पण मजल ६५,५०४ पर्यंतच. शिवाय प्रशिक्षणातले अतिसूक्ष्म ग्रेडियंट त्यात शून्य होतात, म्हणून लॉसला आधी मोठ्या संख्येने गुणण्याचा उपद्व्याप. ‘जास्त अचूक’ फॉरमॅटच इथे अडखळतो, हे लेखकाच्या गावीही नाही.

एफपी८ मध्येही गुणाकार आठ बिटांत झाला, तरी बेरीज अधिक बिटांत साठवतात. लेखात याचा उल्लेखच नाही.

चार बिटांत काही मॉडेल घसरतात, एवढे मान्य. त्यावर उपाय म्हणून २०२३ च्या एमएक्स (मायक्रोस्केलिंग) मानकात ३२ आकड्यांच्या गटाला एक सामाईक गुणक दिला आहे.

आणि विजेचे म्हणाल, तर मेमरीतून आकडा आणणे हे त्याच्या गुणाकारापेक्षा कितीतरी महाग. बिट निम्मे केले, की ती वाहतूकही निम्मी.

पुढच्या वेळी लेखकाने कोणता फॉरमॅट, कोणत्या कामासाठी, तेवढे लिहावे.

— एक वाचक, पुणे