दूध धावचीत होत नाही

ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात सर्वांत जास्त जागा कोणत्या क्रियापदाने अडवली असेल? विद्वत्तापूर्ण, लॅटिन वळणाचा एखादा शब्द मनात आला असेल तर तो खोडून टाका. २०११ साली कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने तपासली. त्या एका शब्दापायी त्यांचे नऊ महिने गेले आणि अर्थ निघाले ६४५. त्याआधी बरीच वर्षं हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत त्या शब्दाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती, म्हणजे एक आटोपशीर पुस्तकच झालं.

हा आकडा आपल्या मंडळींत सांगितला की हमखास दोन मतं ऐकू येतात. पहिलं मत असं की बघा, इंग्रजी किती श्रीमंत. दुसरं याच्या बरोबर उलट: बघा, किती दरिद्री, एकाच शब्दावर सगळं भागवतात! मग दुसऱ्या पक्षाचे लोक काका, मामा आणि आत्याचे यजमान या सगळ्यांना ‘अंकल’ म्हणणाऱ्या भाषेची यथेच्छ टिंगल करतात आणि चहा घ्यायला उठतात. मला दोन्ही मतं पटत नाहीत. दुसरं तर जास्तच घातक वाटतं, कारण त्या समाधानात आपल्याच घरात काय चाललंय ते दिसेनासं होतं.

आधी ‘रन’चं काय ते पाहू. इथे अमेरिकेतल्या साध्या दिवसात हा शब्द किती कामांना जुंपलेला असतो! नळ ‘रन’ होतो, मुलाचं नाक ‘रन’ होतं, त्याला ताप आला तर तोही तो ‘रन’ करतो. घाईत कोणी लाल सिग्नल तोडला तर तो ‘रन’ केला, दुकान चालवलं तर ‘रन’ केलं, कपड्याचा रंग धुण्यात गेला तर तो ‘रन’ झाला. बायकांच्या पायमोज्यात उभी धाग्याची रेघ उसवली तर तिचंही नाव ‘रन’, निदान अमेरिकेत. ब्रिटनमध्ये तिला शिडी म्हणतात. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार धावतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो. आपला उमेदवारही उभाच राहतो, मग निवडून आल्यावर त्याला पळवतात ती गोष्ट वेगळी.

मराठीत यातलं काहीही धावत नाही. नाक वाहतं, ताप चढतो, सिग्नल तोडतात, रंग जातो, दूध संपतं. आणि यंत्र? इंग्रजीत यंत्र धावतं, आपल्याकडे ते चालतं. घड्याळ, पिठाची गिरणी, खटला, संसार, डोकं आणि नाटक, सगळं चालतं. ‘चालेल’ या एका शब्दात आपण जो होकार, जी तडजोड आणि जो थोडासा नाइलाज भरतो, त्याला इंग्रजीत जोड शोधून दाखवावी.

‘रन’ एवढा का फुगला, याचं कारण सरळ आहे. जुन्या इंग्रजीतल्या त्याच्या पूर्वजाला मुळातच दोन अर्थ होते: माणसाचं धावणं आणि पाण्याचं वाहणं. पुढे गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली, आगगाड्या आल्या, शेवटी संगणकाचे प्रोग्रॅम आले. दर वेळी इंग्रजांनी नवं क्रियापद घडवायची यातायात केली नाही. घरचाच जुना गडी नव्या कामाला लावला. त्याला छोटे छोटे शेपटीचे शब्द जोडले की आणखी अर्थ तयार. या शेपट्या परक्यांना सर्वांत जड जातात, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी त्याचा पुरेपूर अनुभव घेतला. ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ आपल्याला झोपेतही येत असत. शेजारच्या अमेरिकनाने तेच ‘पुट’ला दोन वेगवेगळ्या शेपट्या लावून म्हटलं की आपण मान डोलावून वेळ मारून नेत असू.

आता दरिद्रीपणाच्या मुद्द्याकडे येऊ. एका क्रियापदाला शेकडो अर्थ असणं हा दोष असेल तर मराठीने आधी ‘लागणे’चा हिशेब द्यावा. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, लग्न लागतं, सुतक लागतं, निकाल लागतो, शोध लागतो, वेड लागतं आणि वाटही लागते. भाजी खारट लागते, तिला मीठ कमी लागतं, आणि लक्ष नसेल तर भात खाली लागतो: एकाच स्वयंपाकात तीन निरनिराळे अर्थ, आणि कुणाचा कधी घोटाळा होत नाही. फलाटाला गाडी लागते आणि घाटात माणसाला गाडी लागते. पहिल्या वेळी सामान उचलायचं असतं, दुसऱ्या वेळी पिशवी शोधायची असते. डोळा लागला म्हणजे झोप आली, वाटेकडे डोळे लागले म्हणजे झोप उडाली. तो तुमचा कोण लागतो? मावसभाऊ लागतो. एवढ्यावर थांबत नाही. मूल रडू लागतं तेव्हा ‘लागणे’ सुरुवात दाखवतं, आणि आपल्याला उठावं लागतं तेव्हा सक्ती.

दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले आणि तरीही वाक्संप्रदायांसाठी त्यांना वेगळा कोश करावा लागला. या असल्या क्रियापदांचा पसाराच तेवढा आहे. लागणे, काढणे, मारणे, खाणे, बसणे, सुटणे: मराठीचं अर्धं अंग या पाच-सात शब्दांवर उभं आहे. काढणे घ्या. चित्र काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात, झोप काढतात, वरात काढतात, कुणाचा तरी राग दुसऱ्यावर काढतात आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाचा अंक काढतात. शेवटच्या कामात आधीची सहाही थोडीथोडी येतात.

तेव्हा इंग्रजीची आणि मराठीची रीत इथे एकच आहे. माझी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. इंग्रजीने आपला जुना गडी कामाला लावला. आपण आपले सगळे गडी घरी बसवले आणि एकट्या ‘करणे’ला राबवतो आहोत.

मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या तयारीला उभं राहून कान उघडे ठेवा. कांदे कट करायचे, काकडी कट करायची, कोथिंबीर कट करायची, नारळ ब्रेक करायचा, गाजर ग्रेट करायचं, मटार पील करायचे. एका टेबलाभोवती दहा जण उभे असतात, दहाही जण मराठीच बोलत असतात आणि तासाभरात ‘करणे’खेरीज क्रियापद कानी पडलं तर नशीब. भाजी चिरतात, फळ कापतात, नारळ फोडतात नि खवतात, गाजर किसतात, मटार सोलतात, मेथी निवडतात, लसूण ठेचतात, सुपारी कातरतात. या प्रत्येक क्रियापदात हाताची हालचाल निराळी आहे, हत्यार निराळं आहे, शेवटी ताटात पडणारा तुकडा निराळा आहे. कुणी म्हणेल, इथे ना विळी ना अडकित्ता, मग शब्द कशाला हवेत? अहो, चाकूनेही भाजी चिरताच येते. अमेरिकन सुरी मराठी समजत नाही असा काही अनुभव नाही.

मुलं हेच ऐकतात आणि आणखी पुढे जातात. ‘मी फॉल झालो आणि मला हर्ट झालं.’ पडलो नि लागलं, एवढंच म्हणायचं होतं. ‘आई, दूध रन आउट झालं.’ यावर मात्र हसू आवरत नाही, कारण ‘रन आउट’ला मराठीत झकास शब्द आहे: धावचीत. कुस्तीच्या आखाड्यातला ‘चीत’ उचलून क्रिकेटच्या मैदानावर आणणाऱ्याला सलाम केला पाहिजे. पण दूध काही क्रीझ सोडून पळालेलं नसतं.

हा प्रकार परदेशातच चालतो असंही नाही. पुण्या-ठाण्यातल्या घरांत आज तेच कानावर येतं. फरक एवढाच की तिथल्या मुलाला दाराबाहेर भाजीवाली भेटते, रिक्षावाला भेटतो, आजी भेटते. कुणाच्या तरी तोंडून ‘चिरणे’ आणि ‘ठेच लागणे’ कानावर पडतंच. इथल्या मुलाला फक्त आपणच आहोत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. मराठीने परकी क्रियापदं ‘करणे’ जोडून फार पूर्वीपासून घेतली आहेत. कबूल करणे, जमा करणे, सुरू करणे, खर्च करणे, हे सगळं फारसी-अरबीच्या वाटेने आलं आणि त्याने मराठी मेली नाही. खरं आहे. मात्र त्या काळच्या मराठीने एवढ्यावर समाधान मानलं नव्हतं. ‘बदल’ घेतला आणि ‘बदलणे’ केलं, ‘खर्च’ घेतला आणि ‘खर्चणे’ केलं. ‘फर्मावणे’ही तसंच आलं. परक्या शब्दाला मराठी प्रत्यय लावून घरात घेतलं, चार पिढ्यांत तो इथलाच झाला. शिवाय ‘जमा करणे’ आलं म्हणून मराठीतलं ‘गोळा करणे’ किंवा ‘साठवणे’ गेलं नाही. ‘कट करणे’ मात्र सहा क्रियापदांच्या जागी एकटं येऊन बसतं. मिळवलं एक, गमावली सहा, हा सौदा तोट्याचा आहे.

परक्या नामांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. टेबल, स्टेशन, बटण, रेल्वे, मोबाइल ही मराठीच आहेत, आणि त्यांच्यासाठी संस्कृतातून जड जड शब्द पाडणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. उलट नवी यंत्रं आली तेव्हा सामान्य माणसाने काय केलं ते पाहा. फोन आला, आणि तो लागला किंवा लागला नाही. लागला तर समोरच्याने तो उचलला, रागावून ठेवला किंवा न उचलताच कापला. फोटो काढला. गाणं लावलं. मेल टाकला. मोबाइल चार्जिंगला लावला. नेट चालत नाही म्हणून वैतागून टीव्ही लावला. नामं बाहेरची, क्रियापदं घरची. कोणत्याही भाषा समितीने हे ठरवलेलं नव्हतं. इंग्रजीने ‘रन’ला संगणकापर्यंत नेलं, तसं आपल्या लोकांनी ‘लागणे’ला टेलिफोनच्या तारेपर्यंत नेलं. ही ताकद मराठीत आजही आहे. ती वापरायची सवय तेवढी सुटत चालली आहे.

म्हणून माझी मागणी मंडळाच्या मराठी शाळेकडे आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर तक्ते आहेत: फळं, रंग, प्राणी, वाहनं, शरीराचे अवयव. सगळी नामं. तीन वर्षं शाळेत येऊन मूल अननस ओळखतं, पण ते कापतात, सोलतात की चिरतात हे त्याला सांगता येत नाही. दोन वाक्यं बोलायची वेळ आली की ते इंग्रजीत शिरतं, कारण वाक्य चालवायला क्रियापद हवं आणि तेच त्याच्या हातात नसतं. शिक्षक मनापासून शिकवतात, सुट्टीचा रविवार देतात, त्यांना दोष नाही. दोष तक्त्यावरून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे.

तक्ते राहू द्यावेत. पण वरच्या वर्गांना एक अख्खा महिना फक्त ‘लागणे’ शिकवावा, पुढचा महिना ‘काढणे’, त्यानंतर ‘चालणे’ आणि ‘सुटणे’. व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. एक दिवस वर्गात कांदा-काकडी आणून कोशिंबीर करावी आणि त्या तासाला ‘कट करणे’ला बंदी घालावी. मोठ्या मुलांना शेजारी ‘रन’ची यादी द्यावी आणि प्रत्येक वाक्य मराठीत म्हणायला लावावं. नाक, नळ, ताप, निवडणूक या प्रत्येकाला निराळं क्रियापद शोधताना त्यांना दोन्ही भाषा कळतील, आणि आपली भाषा म्हणजे इंग्रजीवर चढवलेला मराठी सदरा नव्हे हेही आपोआप लक्षात येईल. हे शिकवायला भाषेची पदवी लागत नाही. ज्यांच्या तोंडी ही क्रियापदं अजून आहेत, त्या इथे मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना वर्गात बोलावलं तरी पुष्कळ होईल.

शाळेचं नवं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि अभ्यासक्रमाची बैठक त्याआधी असते. त्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि ज्यांना महिन्यातला एक रविवार देता येईल त्यांनी आपली नावं शाळेच्या शिक्षकांकडे आताच द्यावीत.