कुत्र्यापुढे कच्चे काळीज टाकू नका



कुत्रा चावला की आपण घाबरतो, आणि ते योग्यच आहे. रेबीजची लस घेण्यास एका दिवसाचाही उशीर करू नये. परंतु कुत्र्यापासून माणसाला होणारा आणखी एक रोग आहे. त्याला चावा लागत नाही, ओरखडाही लागत नाही, आणि तो जडला आहे हे कित्येकदा दहा-दहा वर्षे कळत नाही. त्याचे नाव हायडॅटिड. साध्या भाषेत सांगायचे तर काळजात किंवा फुप्फुसात वाढणारी पाण्याची गाठ.

हैदराबादला मुसी नदीच्या काठी अफझलगंज हा भाग आहे. तेथील उस्मानिया रुग्णालय मराठवाड्याच्या जुन्या पिढीला ठाऊक आहे, कारण १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ही गाठ नवी नाही. भारतात हा रोग जेथे अधिक आढळला, त्या प्रदेशांत अविभाजित आंध्र प्रदेशाची गणना पूर्वीपासून होत आली आहे. महाराष्ट्रही त्यातून सुटलेला नाही.

जेथे मेंढरे, कुत्री आणि उघड्यावरची कत्तल एकत्र येतात, तेथे हा रोग टिकून राहतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सर्वाधिक मेंढ्या तेलंगणात मोजल्या गेल्या, सुमारे १ कोटी ९१ लाख. मेंढरू खेड्यात वाढते आणि मटण शहरात विकले जाते. म्हणून हा रोग केवळ धनगरवाड्याचा राहत नाही, तो शहराच्या गल्लीतही येतो.

त्याचे चक्र समजून घ्यावे. कुत्र्याच्या आतड्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचा एक बारीक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, गवताला, भाजीला, पाण्याला आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. मेंढी, बकरी, गाय, म्हैस किंवा डुक्कर यांच्या पोटात ती गेली की काळजावर, फुप्फुसावर पाण्याने भरलेले पांढरट फुगे धरतात. असा अवयव कच्चा खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात पुन्हा कृमी तयार होतात. माणसाच्या पोटात अंडी गेली की माणसालाही तसाच फुगा धरतो. तो पोटात फुटला तर जीवावर बेतते. उपचार आहेत. अल्बेंडॅझोलच्या गोळ्या आहेत, सुईने पाणी काढता येते, शस्त्रक्रियाही होते. पण मजुरी करणाऱ्या घराला हे सारे फार जड जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नीट शिजवलेले मटण खाल्ल्याने हा रोग होत नाही. तो एका माणसापासून दुसऱ्यालाही होत नाही. माणसाला तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे, आणि कुत्र्याला तो होतो आपण फेकलेल्या कच्च्या काळजामुळे. तेव्हा दोष कोणाचा?

शहरांत भटक्या कुत्र्यांवरून मोठा वाद चालू आहे. एकजण म्हणतो, सगळी पकडून न्या. दुसरा म्हणतो, हात लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण करून आणि त्यांना जंताचे औषध देऊन मग सोडावे, असे म्हटले होते. त्यात जंताच्या औषधाचा उल्लेख झाला हे चांगलेच झाले. परंतु आमचे मत असे, की एकदा दिलेले औषध पुरत नाही. आज जंत पडलेल्या कुत्र्याने उद्या खाटकाच्या दुकानामागे दूषित काळीज खाल्ले, तर सहा-सात आठवड्यांत तो पुन्हा अंडी टाकू लागतो. औषध कुत्र्याला आणि कचरा मात्र उघडाच, हे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. नगरपालिकेने कत्तलीचा कचरा बंदिस्त नेला नाही, तर कुत्री पकडण्याचा सारा खर्च वाया जाईल.

हे होऊ शकते, याचा दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये या रोगाने फार माणसे आजारी पडत. १८६४ साली हाराल्ड क्राबे या शास्त्रज्ञाची सोप्या भाषेतील एक पुस्तिका तेथे वाटण्यात आली. लोकांनी दूषित अवयव पुरण्यास-जाळण्यास सुरुवात केली, कुत्र्यांवर निर्बंध व औषधे आली, पुढे घरची कत्तल मागे पडली. विसाव्या शतकात तेथून हा रोग हद्दपार झाला. त्या मेंढपाळांना कळले ते आपल्याला का कळू नये?

मग नाताळला किंवा लग्नाला घरी बकरे किंवा डुक्कर कापले, तर आपण काय करावे?

१. काळीज, फुप्फुस नीट पाहावे. पाण्याचा फुगा दिसला तर तो फोडू नये. तो अवयव जाळावा, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा.

२. अवयव चांगला दिसला तरी कुत्र्याला कच्चा घालू नये. घालायचाच तर भरपूर उकळून घालावा.

३. राखणीच्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेलचे औषध ठरलेल्या वेळी द्यावे. त्यानंतर दोन-तीन दिवस त्याची विष्ठा गोळा करून खोल पुरावी.

४. भाजीच्या वाफ्याला कुंपण करावे. कोथिंबीर, मेथी, मुळा वाहत्या पाण्यात धुवावा.

५. कुत्र्याशी खेळून आलेल्या मुलाला साबणाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसवू नये.

कुत्रा हा शेतकऱ्याचा इमानी सोबती आहे. तो रात्रभर खळे राखतो. आपण जे टाकतो तेच तो खातो. काय टाकावे हे ठरवणे त्याच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. यंदा आपल्या धर्मग्रामात पहिले बकरे कापले जाईल, त्याआधी खड्डा खणलेला असावा, एवढेच आमचे मागणे आहे.